दातवाल्यांचे गुडघे

बारा मार्च. चिंच फोडायची होती.

परसातल्या झाडाची चिंच चांगली वाळली होती आणि टरफलं करकरीत झाली होती. अशी चिंच लगेच फोडावी लागते. आभाळ आलं की टरफल मऊ पडतं आणि मग नखं झिजवत बसावं लागतं. जेवणं उरकल्यावर मी मधल्या खोलीत जुनं पोतं अंथरलं, हातांना गोडेतेल लावलं आणि आत्यांच्या खुर्चीच्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकून दिली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी खुर्चीत बसून लाकडी ठोकणीनं टरफल फोडायचं, मी खाली बसून शिरा ओढायच्या आणि चिंचोके काढायचे, अशी आमची वाटणी.

पूर्वी त्या खाली बसत आणि मला उठबस करायला लावत. आता त्यांना खाली बसता येत नाही. दोन्ही गुडघे झिजलेत. उजवा तर जाम झालेल्या बिजागरीसारखा आहे, नीट सरळही होत नाही आणि वाकतही नाही. न्हाणीपर्यंत जायला माझा खांदा लागतो. मी पुढं दुकानात असले तर त्या हाक मारत नाहीत, कळ सोसत बसून राहतात. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: सांधा बदलला तर चालतील, नाही तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अंथरूण धरतील. ऑपरेशनची एक जागा त्यांनी आमच्यासाठी धरून ठेवली होती. उद्या सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

आत्या नाही म्हणत होत्या.

आधी म्हणाल्या, थंडीत हाडं जुळत न्हाईत. थंडी गेली. मग म्हणाल्या, गळ्यातलं लिंग काढावं लागंल. आम्ही लिंगायत, इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं. मी दवाखान्यात जाऊन विचारून आले. डॉक्टर म्हणाले, स्वच्छ फडक्यात गुंडाळून डाव्या मनगटाला बांधू, माझी हरकत नाही. मग म्हणाल्या, चिंच तरी होऊ दे. म्हणून मी त्या दिवशी चिंच काढली होती. आता पुढचं कारण कोणतं येतं ते मला बघायचं होतं.

"तिला नकोच हाय तर तू कावून मागं लागलीस?" माझे मालक सकाळीच म्हणाले होते.

"खांदा माझा लागतो, तुमचा न्हाई," मी म्हटलं. ते दुकानात गेले.

चिंच फोडताना टीव्ही लागतो. त्यावर कोणता सिनेमा, हेही ठरलेलं आहे. मुलगा पुण्याला शिकतो. तो दिवाळीला येताना पेनड्राइव्हवर सिनेमे भरून घेऊन आला आणि जाताना तो पेनड्राइव्ह टीव्हीलाच खोचलेला विसरला. एका दुपारी आत्यांनी रिमोटचं भलतंच बटण दाबलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यांत जास्त वेळा पाहिला गेलेला सिनेमा म्हणजे हिंदीत डब केलेली, रक्त पिणाऱ्या मेलेल्या माणसांची एक इंग्रजी मारामारी आहे. आत्या त्यांना दातवाले म्हणतात. मालिका त्यांना आवडत नाहीत. मालिकांत सुना फार बोलतात म्हणे.

कूलरचा वाळा नुकताच भिजवला होता. खिडकीवर ओलं लुगडं टाकलं होतं, त्यामुळे खोलीत विहिरीत असतो तसा हिरवट उजेड होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि टीव्हीत बर्फ पडत होता. या सिनेमाची पहिली गंमत हीच. त्या गावात दिवस उजाडत नाही. छपरं उतरती, त्यांच्यावर पिंजलेल्या कापसासारखा बर्फ, लांब कुठेतरी घंटा, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. कूलरचा वारा तोंडावर येतो, वाळ्याचा ओला वास येतो, आणि थोड्या वेळानं तो वारा तिकडूनच येतोय असं वाटायला लागतं. मी एवढी वर्षं मार्चमध्ये चिंच फोडत आलेय, पण बर्फात बसून फोडल्यासारखी ती या वर्षीच वाटली.

गोष्ट साधी आहे. एक बाई असते. तिला लहानपणी दातवाल्यांच्या म्हाताऱ्या सरदारानं चावलेलं असतं, म्हणून ती धड इकडची नाही, धड तिकडची नाही. ती दोन वाकड्या पात्यांनी दातवाल्यांना कापत हिंडते. पाती आमच्या विळ्यांसारखीच.

"विळा धरायची रीत न्हाई तिला," आत्या दर वेळी म्हणतात. "केरसुणी धरल्यावानी धरती. अशानं ज्वारीचं एक ताट कापलं जायचं न्हाई."

"तिला ज्वारी कुठं काढायची हाय?"

"मान काय आन् ताट काय. मनगट फिरलं पायजे."

आत्यांचं मनगट अजून फिरतं. पडद्यावर एक दातवाला पडला की फळीवर एक चिंच फुटते. ठक. टरफल उडतं, आत लालसर काळा गर दिसतो. तो गर माझ्या बोटांना लागून चिकट होतो, आणि पडद्यावरचं रक्त मात्र पाण्यासारखं उडून जातं. हा मला त्या सिनेमाचा मोठा दोष वाटतो. एवढं रक्त फरशीवर सांडलं तर ती फरशी पुन्हा पुन्हा पुसावी लागते, कोपऱ्यात काळे डाग राहतात, माशा येतात. इथे ती बाई दिवाणखानाभर माणसं कापून जाते आणि पुढच्या वेळी त्याच दिवाणखान्यात पाय घसरत नाही कुणाचा. ती कधी जेवत नाही. तिचा कोट कधी धुतलेला दिसत नाही. मारामारी इतकी चालते की मधे चुलीवरचं दूध बघून यावं, तरी काही चुकत नाही. आणि सरदार तिला चार वेळा हातात सापडलेली असताना मारायचं सोडून भाषण करत राहतो. आमच्या भागातले पुढारीसुद्धा माणूस सापडल्यावर इतकं बोलत नाहीत.

उड्या मात्र सुरेख. ते मला नाकारता येणार नाही. ती बाई एका छपरावरून निघते, हवेत तरंगते, बर्फ तिच्याभोवती थांबल्यासारखा होतो, आणि ती समोरच्या छपरावर एका गुडघ्यावर उतरते. आवाज येत नाही. दातवालेही भिंतीवरून चालतात, खांबावर चढतात, उकिडवे बसतात, तिथूनच झेप घेतात. कुणी तीनशे वर्षांचा, कुणी पाचशे वर्षांचा. अशा वेळी आत्यांची ठोकणी थांबते. त्या डोळे बारीक करून पुढं वाकतात.

"गुडघे बघ," त्या म्हणतात. "पाचशे वर्षांचा हाय म्हणं. गुडघे बघ त्याचे."

आमच्या देवळाच्या भिंतीवर नाचणाऱ्या दगडी बायका आहेत, एक पाय मुडपलेल्या. लग्न होऊन आले तेव्हा आत्याच मला त्या दाखवायला घेऊन गेल्या होत्या. म्हणाल्या होत्या, ह्या बायांना कधी कळ येत न्हाई. सिनेमातल्या बाईकडं त्या तशाच बघतात. मला वाटायचं, ज्याला हे दिसतंय त्यानं तरी ऑपरेशनला पटकन हो म्हणावं.

त्या बाईचा एक म्हातारा सोबती असतो. तो तिच्यासाठी पाती घडवतो. अर्ध्या सिनेमात दातवाले त्याला मारतात. ती किंचाळते, दोन पाती उचलते आणि निघून जाते. बस. त्याचं पुढं काय झालं, कुणी उचललं, कुठं नेलं, काही नाही. तो भट्टीशेजारी पडतो आणि सिनेमा त्याला विसरतो.

"मातीला कोण गेलं त्याच्या?" आत्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हाच विचारलं होतं, आणि त्यानंतर दर वेळी. "घरचं माणूस होतं. असं टाकून जातंय का कुणी?"

मी म्हणते, सिनेमा आहे. पण त्यांचं बरोबर आहे. शेकड्यांनी माणसं मरतात आणि एकाचीही माती होत नाही. म्हणूनच मरण हलकं वाटतं त्यात. टरफलासारखं.

त्या दुपारी मला डुलकी लागली असावी. हात चालूच होते, शिरा ओढून बाजूला पडत होत्या, पण परसात बर्फ पडलेला दिसत होता. चिंचेचं झाड पांढरं झालेलं. आत्या देवळाच्या शिखरावर उकिडव्या बसलेल्या, लुगड्याचा काष्टा मारलेला, आणि तिथून त्यांनी आमच्या घराकडं झेप घेतली. लुगडं फुलत गेलं, आवाज नाही. खाली जमिनीत मामा बसलेले दिसले. मामा म्हणजे माझे सासरे. जमीन काचेसारखी झाली होती. ते मांडी घालून, पाठ टेकून, गादीवर बसत तसे बसले होते आणि डोक्यावरून कोण उडत गेलं ते मान वर करून बघत होते.

मामा खरंच तसे बसलेत. आमच्यात जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत. बसवून समाधी देतात. ते गेले त्या दिवशी सकाळची वेळ होती. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं, म्हणून भावकीतल्या जाणत्यांनी लगेच त्यांची मांडी घातली, दुकानाच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकवलं, धोतरानं खुंटीला आवळलं, कपाळाला भस्म लावलं. हार अजून यायचे होते. मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात लांबच्या गावचं एक गिऱ्हाईक आलं आणि दारातूनच म्हणालं, "शेठ, खडं मीठ द्या." शेठनं काही दिलं नाही. त्यानं पुन्हा मागितलं. मग मीच बाहेर येऊन त्याला मीठ बांधून दिलं आणि सांगितलं. तो पायरीवर बसून रडला. घरच्यांत तोवर कुणाला रडायला सवड झाली नव्हती. पुढं रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, मी लांबून पाहिलं. खड्ड्यातल्या कोनाड्यात त्यांना बसवलं, डाव्या हातावर लिंग ठेवलं, बेल आणि भस्म घातलं. शेजारची जागा आत्यांसाठी राखली. आत्यांनी ती नीट बघून घेतली होती.

ठोकणीचा आवाज थांबला म्हणून मी जागी झाले.

पडद्यावर तळघर होतं. ओळीनं लाकडी पेट्या, आणि पेट्यांत दातवाले आडवे. झाकणं करकरत उघडत होती आणि एकेक जण उठून बसत होता. हा भाग आत्यांनी पूर्वी कितीतरी वेळा पाहिला होता. त्या दिवशी मात्र त्या एकटक बघत होत्या.

"आडवं ठिवलं तर उठणारच की," त्या म्हणाल्या.

"उठू द्या. ती येतीय विळे घेऊन."

"तसं न्हाई गं. बसवलं असतं तर उठले नसते. बसलेलं माणूस कशाला उठंल? त्याला कुठं जायचं असतं?"

मी एक चिंचोका काढला.

"मला बी असंच ठिवाल तुमी," आत्या म्हणाल्या. "आडवं."

"कोण ठिवतंय?"

"डॉक्टर म्हणला न्हाई का, नवा गुडघा बसवल्यावर मांडी घालायची न्हाई? कधीच न्हाई म्हणला. तू बी मान हलवलीस."

"आत्या, ते जित्या माणसाला सांगितलं."

"लोखंडाला काय कळतंय, जितं का मेलं?"

"आता तरी कुठं मांडी घालता तुमी? आता बी वाकत न्हाईच की."

"आता हाड हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मेल्यावर दोघा गड्यांनी जोर लावला की बसंल मुडपून. मोडलं तर मोडलं, मला काय दुखणार हाय? लोखंड कोण मोडंल? म्हणतील, जाऊ द्या, म्हातारीला आडवीच टाका. तिकडं तुजे मामा बसलेले, आन् शेजारी मी ह्या दातवाल्यांवानी पडलेली. लई शोभंल."

थंडी, लिंग, चिंच, सगळ्यांमागं हे होतं तर. त्या दुखण्याला भीत होत्या असं मी समजत होते, आणि दुखण्यावरची सगळी उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता. उगीच काहीतरी सांगून त्यांना तयार करणं मला जमलं असतं, पण पुढं तसं घडलं नाही तर त्या मला विचारायलाही नसणार. मी पुढच्या चिंचेच्या शिरा ओढायला घेतल्या.

तेवढ्यात लाईट गेली. ती बाई हवेत होती, तशीच काळ्या पडद्यात गेली. कूलर घरघरत थांबला. हिरवा उजेड हळूहळू पिवळा झाला, बर्फ नाहीसा झाला आणि चिंचेचा आंबट वास खोलीत बसला. थोड्या वेळानं ठोकणी पुन्हा सुरू झाली. ठक. ठक.

उरलेला सिनेमा बघायचा राहिला, त्याचं वाईट वाटलं नाही. त्या सिनेमाला शेवटच नाही. सरदार मरतो, ऊन येतं, आणि ती बाई छपराच्या कडेला पाय खाली सोडून बसते. बसते आणि बसूनच राहते. पुढचा भाग काढायची सोय, दुसरं काय.

संध्याकाळी दुकानात मी मालकांना सगळं सांगितलं.

"आई खुळी हाय," ते म्हणाले.

"खुळी न्हाई. तुमी द्या उत्तर. लोखंडी गुडघ्याचं माणूस बसवता येतं का?"

त्यांनी साखर तोलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिंचेचा एक गोळा पिशवीत घातला आणि स्कूटी काढून स्वामींकडं गेले. स्वामी म्हणजे आमचे जंगम. लग्नापासून मातीपर्यंत सगळं तेच करतात, मामांनाही त्यांनीच बसवलं. ते बेलाच्या झाडाला पाणी घालत होते. मी आडवळण न घेता विचारलं.

"लोखंड?" ते म्हणाले. "बाई, रस्त्यावरचे अपघात बघतीस न्हवं? मांडीत सळई असलेले, कंबर मोडलेले, सगळे बसवलेत मी."

"आन् मांडी मुडपलीच न्हाई तर?"

"कोनाड्यात ओटा असतो. पाठ टेकवायची, पाय मोकळे सोडायचे. हातात लिंग आलं की झालं. मांडी घालायची हौस आपली, त्याची न्हाई." त्यांनी वर बोट दाखवलं.

"हेच घरी येऊन सांगा."

"येतो की दुपारी."

"दुपारपर्यंत दवाखान्यातली जागा जाती. बसा मागं."

त्यांनी भगवी शाल कमरेला खोचली आणि बसले. वाटेत लोक थांबून बघत होते, कुणाची माती आहे का म्हणून. दारात उतरताना स्वामींनी डावा गुडघा धरला आणि तोंड वाकडं केलं. आत्यांना खुर्चीतून ते बरोबर दिसलं.

"तुमचे बी गेले?"

"डावा गेलाय. तुमचं बघून ठरवीन म्हणतो."

मग त्यांनी मला सांगितलं होतं ते सगळं आत्यांना सांगितलं, ओट्यासकट.

"पाय सोडून?" आत्यांनी विचारलं. "त्या छपरावरल्या बाईवानी?"

"कोणती बाई?"

"हाय एक." आत्यांनी थोडा विचार केला. "आन् माझ्या आधी तुमीच गेलात तर?"

"पोराला सांगून ठिवतो."

"तुमचं पोरगं मोबाईलात बघून मंत्र म्हणतंय."

"मंत्र बघून म्हणतो, पण बसवतो नीट."

"न्हाई बसवलं तर उठून येईन मी. दात लावून."

"कवळी घालून या," स्वामी म्हणाले. "न्हाईतर कोण भिणार?"

आत्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला, तो दोनदा चोळला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लाव फोन."

मी दवाखान्याला फोन लावला आणि हो म्हणून कळवलं. स्वामींना चहा दिला, चिंचेचा गोळा दिला, घरी सोडून आले. आत्यांच्या पिशवीत दोन लुगडी, भस्माची डबी आणि मनगटाला बांधायचं स्वच्छ फडकं घातलं. राहिलेल्या चिंचेला मीठ लावून ती बरणीत दाबून भरली, हात धुतले आणि दुकानात गल्ल्यावर जाऊन बसले.